उधारीच्या वहीतलं घर

पोर्टलँडहून विलॅमेट नदीच्या काठानं दक्षिणेला निघालं की वीसेक किलोमीटरवर ऑरेगन सिटी लागतं. हे गाव दोन पातळ्यांवर वसलेलं आहे. खाली नदीलगत अरुंद पट्टी, तिच्यावर मुख्य रस्ता, दुकानं, कचेऱ्या आणि बंद पडलेली कागदगिरणी. वर काळ्या कातळाच्या कड्यावर राहती वस्ती. खालून वर जायला नगरपालिकेची लिफ्ट आहे. १९१५ साली ती पाण्याच्या दाबावर चालत असे. आजची विजेवरची लिफ्ट १९५५ची. तिच्यात बसायला पैसे पडत नाहीत, आणि गावकरी तिला रस्ताच मानतात, फक्त उभा. वर पोचल्यावर थोडं चाललं की झाडांच्या सावलीत एक दुमजली लाकडी घर दिसतं. चौकोनी, चारही बाजूंना उतरतं छप्पर, एका रेषेत बसवलेल्या खिडक्या, मधोमध दार. नक्षी नाही, मनोरा नाही. डॉक्टर जॉन मॅक्लॉक्लिन यांचं हे घर १८४५-४६मध्ये बांधलं गेलं, पण ते इथे बांधलेलं नाही. ते खाली, नदीकाठी होतं. १९०९मध्ये गावातल्या काही लोकांनी ते अख्खं उचलून चढणीच्या रस्त्यानं वर आणलं आणि पुढच्याच वर्षी त्याचं संग्रहालय केलं.

अमेरिकेच्या पश्चिम भागात अशा जुन्या घरांना तोटा नाही. पूर्वेकडून आलेल्या पहिल्या वसाहतकारांना तिकडे ‘पायोनिअर’ म्हणतात, आणि जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी एखाद्या पायोनिअरचं घर जपून ठेवलेलं असतं. आत चरखा, लोखंडी चूल, लाकडी पाळणा, भिंतीवर दाढीवाले पूर्वज. दोन-तीन घरं पाहिली की चौथं न पाहताही डोळ्यांपुढे येतं. मॅक्लॉक्लिन यांचं घर या रांगेत बसत नाही, आणि त्याचं कारण घराच्या बांधणीत नसून हिशोबात आहे. ज्या वस्तीला या माणसानं उधारीवर जगवलं, तिच्याच प्रतिनिधीनं कायदा करवून त्याची जमीन काढून घेतली. आणि त्याच वस्तीच्या पुढच्या पिढीनं त्याचं घर मोडू न देता डोंगरावर चढवलं. म्हणून हे घर म्हणजे एका कर्जाची उशिरा दिलेली कबुली आहे. अशा घराचा मान राखायचा तर त्याच्या वहीची जमा आणि नावे ही दोन्ही पानं वाचायला हवीत. नुसती जमेची बाजू वाचली की भाट तयार होतो, नुसती नावेची वाचली की वकील.

मॅक्लॉक्लिन अमेरिकन नव्हते. त्यांचा जन्म १७८४ साली क्युबेक प्रांतातल्या रिव्हिएर-दु-लूप इथला. वैद्यकीचा परवाना त्यांना वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मिळाला, पण आयुष्य गेलं फरच्या व्यापारात. हडसन्स बे या ब्रिटिश कंपनीनं कोलंबिया नदीच्या उत्तर काठावर फोर्ट व्हँकुव्हर हे ठाणं उभारलं आणि मॅक्लॉक्लिन तिथे दोन दशकं मुख्य अधिकारी होते. रॉकी पर्वतापासून पॅसिफिक महासागरापर्यंतच्या व्यापाराची सूत्रं या एका ठाण्यात होती. शेती, गिरण्या, लोहारकाम, जहाजांची ये-जा सगळं तिथे चाले. फ्रेंच कॅनेडियन, स्कॉटिश, इरॉक्वा, हवाई बेटांवरून आणलेले मजूर आणि आसपासच्या अनेक आदिवासी जमाती अशी तिथली वस्ती होती. व्यवहारासाठी चिनूक वावा नावाची एक मिश्र बोलीच वापरात होती. हा मुलूख कोणाचा, याचा निकाल तेव्हा लागलेला नव्हता. १८१८च्या करारानं ब्रिटन आणि अमेरिका या दोघांच्याही लोकांना तिथे मोकळीक होती, आणि जो देश आधी माणसं वसवील त्याचं पारडं जड होणार हे लंडनलाही कळत होतं. कंपनीचं धोरण त्यामुळे सरळ होतं: अमेरिकन शेतकऱ्यांना पाय रोवू द्यायचे नाहीत. कंपनीची उपजीविका जंगली जनावरांच्या कातड्यांवर होती. जिथे नांगर येतो तिथून बीव्हर जातो, एवढं गणित कंपनीला पक्कं ठाऊक होतं.

नांगर आलाच. मिसूरी नदीकाठापासून विलॅमेटच्या खोऱ्यापर्यंत सुमारे ३,२०० किलोमीटरची ऑरेगन ट्रेल नावाची वाट. तीवर १८४३च्या उन्हाळ्यात हजाराच्या आसपास माणसं बैलगाड्या घेऊन निघाली आणि त्यानंतर दर वर्षी आकडा वाढत गेला. चार-पाच महिन्यांची मजल मारून ही कुटुंबं पोचत ती शरदाच्या अखेरीस. त्या वेळी पेरणीचा हंगाम टळलेला, बैल थकलेले, पिठाची पोती रिकामी, आणि पुढे पावसाळी हिवाळा. शेकडो मैलांत धान्याचं कोठार एकच, तेही प्रतिस्पर्धी कंपनीचं. मॅक्लॉक्लिन यांनी ते उघडलं. बियाणं दिलं, पीठ दिलं, कपडे आणि अवजारं दिली, नदीतून माणसं उतरवायला होड्या दिल्या. बहुतेकांकडे रोकड नव्हती, तेव्हा वहीत नाव मांडून दिलं. पीक आल्यावर फेडा, एवढीच अट. काहींनी फेडलं. अनेकांनी फेडलं नाही, आणि ब्रिटिश कंपनीचं देणं बुडवणं म्हणजे देशप्रेमच, अशी मनाची समजूत घालणारेही त्यात होते. या उधारीबद्दल कंपनीनं मॅक्लॉक्लिन यांना जाब विचारला. गव्हर्नर जॉर्ज सिम्पसन यांच्याशी त्यांचं आधीपासूनच बिनसलेलं होतं. १८४२ साली फोर्ट स्टिकीन इथे मॅक्लॉक्लिन यांच्या मुलाचा खून झाला आणि त्याच्या चौकशीवरून ते आणखी विकोपाला गेलं. अखेर १८४६मध्ये मॅक्लॉक्लिन कंपनीच्या कामातून बाहेर पडले आणि ज्यांना उधारीवर जगवलं होतं त्यांच्याच वस्तीत राहायला आले. त्याच वर्षी सीमेचा करार झाला आणि ऑरेगन अमेरिकेकडे गेलं.

राहायला येण्यासाठी त्यांनी निवडलेली जागा मोक्याची होती. विलॅमेटचा धबधबा उंचीनं बेताचा, बाराएक मीटरचा. पण नालाच्या आकारात पसरलेला आणि बारमाही पाण्याचा. या पाण्यावर गिरण्या चालतील हे ओळखून मॅक्लॉक्लिन यांनी १८२९मध्येच धबधब्यालगतच्या जमिनीवर हक्क सांगितला होता. १८४२मध्ये त्यांनी तिथे गावाचे प्लॉट पाडले, नाव ठेवलं ऑरेगन सिटी. शाळा आणि चर्च यांना त्यांनी जागा दिल्या, त्यात त्यांच्या स्वतःच्या पंथाबाहेरचीही चर्चेस होती. नदीकाठी त्यांनी बांधलेलं घर त्या काळच्या गावात डोळ्यांत भरण्यासारखं होतं, कारण आसपास ओंडक्यांची खोपटी होती आणि हे मात्र गिरणीत कापलेल्या फळ्यांचं, दोन मजली, प्रमाणबद्ध. मधोमध रुंद मार्गिका आणि जिना, दोन्ही बाजूंना ऐसपैस खोल्या: बसायची, जेवणाची, कामकाजाची, वर निजायच्या. आत मांडलेल्या वस्तूंपैकी काही कुटुंबाच्या आहेत, काही त्या काळातल्या पण दुसरीकडून आणलेल्या. नव्या घरात मॅक्लॉक्लिन यांच्याबरोबर पत्नी मार्गरिट होत्या, आणि विधवा मुलगी एलॉइझा मुलांसह राहायला आली. दार सहसा बंद नसे, असं गावच्या आठवणी सांगतात. त्यात थोडी अतिशयोक्ती धरली, तरी गरजूंना इथे ठाव मिळे हे अनेकांनी लिहून ठेवलं आहे.

आता नावेची बाजू. १८५० साली अमेरिकन संसदेनं ऑरेगनसाठी जमीनवाटपाचा कायदा केला. एकट्या गोऱ्या पुरुषाला ३२० एकर आणि जोडप्याला ६४० एकर जमीन फुकट देणारा हा कायदा वसाहतकारांच्या दृष्टीनं सोन्याहून पिवळा. त्याचं अकरावं कलम मात्र एका माणसासाठी लिहिलेलं होतं. ऑरेगन सिटीची मॅक्लॉक्लिन यांची जमीन त्या कलमानं प्रांताच्या विधिमंडळाकडे, विद्यापीठासाठी म्हणून वर्ग केली. धबधब्यातलं अॅबरनेथी बेट एका गिरणी कंपनीच्या हक्कदारांना मिळालं. हे कलम घालून घेणारे प्रांताचे प्रतिनिधी सॅम्युएल थर्स्टन. मॅक्लॉक्लिन परदेशी आहेत, अमेरिकेचे हितशत्रू आहेत, असं त्यांनी वॉशिंग्टनमध्ये सांगितलं. खरं तर नागरिकत्व घेण्याचा इरादा मॅक्लॉक्लिन यांनी १८४९मध्येच रीतसर नोंदवला होता आणि १८५१मध्ये ते नागरिक झालेही. विरोधाच्या मुळाशी धबधब्याच्या पाण्याची किंमत होती. मॅक्लॉक्लिन पुन्हा कॅथलिक झाले होते आणि मेथडिस्ट मिशनच्या मंडळींशी याच जमिनीवरून त्यांचा जुना वाद होता, ही पुस्ती तिला जोडलेली. त्यांना घरातून कोणी बाहेर काढलं नाही. पण ज्या प्लॉटवर ते राहत होते, जे प्लॉट त्यांनी विकले होते, दान दिले होते, त्या सगळ्यांवरची त्यांची मालकीच वादात गेली. १८५७च्या सप्टेंबरमध्ये ते वारले. पाच वर्षांनी, १८६२मध्ये, ऑरेगनच्या विधिमंडळानं बेट वगळून उरलेली जमीन वारसांना परत दिली. विद्यापीठाच्या निधीत एक हजार डॉलर भरण्याच्या अटीवर. अन्याय झाला हे मान्य करतानाही गावानं त्याची पावती फाडली, ती अशी.

घराचे दिवस पुढे फिरले. कुटुंब गेलं, घर विकलं गेलं, त्याचं हॉटेल झालं, मग गिरणीकामगारांची राहण्याजेवणाची सोय. नदीकाठी लोकरीच्या आणि कागदाच्या गिरण्या पसरत गेल्या आणि धुराड्यांच्या गर्दीत हे घर अडचण होऊन बसलं. जागा गिरणीला हवी होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पर्याय दोनच उरले: पाडा किंवा न्या. गावातल्या काही जणांनी मॅक्लॉक्लिन स्मारक मंडळ काढलं आणि घर मागून घेतलं. गावात विरोधही होता; पडक्या खानावळीवर खर्च कशाला, हा प्रश्न सगळ्या काळात सगळ्या गावांना पडतो. तरी १९०९मध्ये घर चढणीच्या रस्त्यानं वर गेलं. ज्या बागेत ते ठेवलं ती जागा कोणाची, हे पाहण्यासारखं आहे. १८५० साली, म्हणजे जमीन हिरावणारा कायदा झाला त्याच वर्षी, ती मॅक्लॉक्लिन यांनीच गावाला दान दिलेली होती. गावानं त्यांच्या घराला जागा दिली ती त्यांच्याच दानातली. पुढे १९३०च्या दशकात घराची डागडुजी झाली, १९४१मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि २००३मध्ये ते फोर्ट व्हँकुव्हरच्या राष्ट्रीय स्थळात सामील झालं. म्हणजे मालकानं ज्या ठाण्याची नोकरी सोडून हे घर धरलं, त्या ठाण्याशी ते कागदोपत्री पुन्हा जोडलं गेलं.

यावर पहिला आक्षेप वारसातज्ज्ञ घेतील, आणि तो रास्त आहे. घर हे त्याच्या जागेसकट घर असतं. १९६४च्या व्हेनिस सनदेचं सातवं कलम हेच सांगतं: वास्तू ज्या इतिहासाची साक्षीदार आहे आणि ज्या परिसरात उभी आहे, त्यांपासून ती तोडता येत नाही. मॅक्लॉक्लिन यांच्या खिडकीतून नदी दिसायची, धबधब्याचा आवाज आत यायचा, दारासमोर होड्या लागायच्या. आज खिडकीतून बाग आणि शेजारची घरं दिसतात. व्यापाऱ्यानं पाण्याची ताकद ओळखून बांधलेलं घर पाण्यापासून दूर नेल्यावर त्या निवडीचा अर्थच निम्मा उरतो. पण त्याच कलमात अपवादही आहे: वास्तू वाचवण्यासाठी दुसरा इलाजच नसेल तर ती हलवावी. इथे इलाज नव्हता. शिवाय या घराच्या बाबतीत हलवलं जाणं हाही इतिहासच आहे. गावानं घर हलवलं नसतं तर आपल्याला १८४६चा मॅक्लॉक्लिन कळला असता, पण १९०९चं गाव कळलं नसतं. उपकार विसरलेली वस्ती दोन पिढ्यांनी ते आठवू लागते, ही गोष्ट घराच्या नव्या पत्त्यातच लिहिलेली आहे. ऑरेगन सिटीत हे एकच उदाहरण नाही. शेजारचं डॉक्टर फोर्ब्स बार्कले यांचं घरही खालूनच वर आणलेलं आहे, आणि १८४५चं एर्माटिंगर यांचं घर तर दोनदा हललं आहे. गिरण्यांच्या गावात जुनी घरं टिकली ती बहुधा चाकांवरून. मात्र यातून संग्रहालयावर एक जबाबदारी येते: पाहणाऱ्याला मूळ जागा दाखवायची, निदान तिच्याकडे बोट करायचं. घर वर आणि त्याचा अर्थ खाली, अशी फारकत राहू नये.

दुसरा आक्षेप मॅक्लॉक्लिन यांच्या चांगुलपणावर. उधारी ही व्यापाऱ्याची युक्ती असू शकते. उपाशी, बंदूकधारी माणसांनी कोठार लुटण्यापेक्षा त्यांच्या नावावर माल मांडणं शहाणपणाचं. उद्याचे गिऱ्हाईक बांधले जातात, आणि स्वतःच्या गावातले प्लॉटही खपतात. हे सगळं खरं धरायला हरकत नाही. आणखीही धरायला हवं. याच मॅक्लॉक्लिन यांनी १८२८मध्ये कंपनीच्या पाच माणसांच्या खुनाचा सूड म्हणून क्लॅलम जमातीवर सशस्त्र तुकडी धाडली होती. तिनं माणसं मारली आणि गाव जाळलं. स्थानिक लोक त्यांना पांढऱ्या डोक्याचा गरुड म्हणत, अशी नोंद आहे. त्या नावात आदराइतकीच धास्ती असणार. पण हेतू मिश्र होते म्हणून देणं बुडत नाही. व्यापारी फायद्याचाच हिशोब असता तर कंपनीचा आदेश पाळणं सर्वांत फायद्याचं होतं. तो त्यांनी पाळला नाही आणि पद, पगार, वजन गमावलं. माणसाच्या हेतूचा पुरावा त्यानं काय कमावलं यापेक्षा काय गमावलं यात जास्त मिळतो. संग्रहालयानं त्यांना संत करू नये हे खरं. कारण संताचं ऋण फेडावं लागत नाही, त्याला हार घातला की भागतं. व्यापाऱ्याचं ऋण मात्र आकड्यात असतं.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: मुळात पायोनिअर हा शब्दच खोटा. ‘पहिले आलेले’ म्हणायचं, तर धबधब्याजवळ हजारो वर्षं राहणारे, सामन आणि लॅम्प्री मासे पकडणारे क्लॅकॅमस आणि इतर लोक कोण होते? १८३०पासून खालच्या कोलंबिया आणि विलॅमेट खोऱ्यांत हिवतापाची साथ आली, आणि काही वर्षांत तिथली नव्वद टक्क्यांच्या आसपास आदिवासी प्रजा नाहीशी झाली असा इतिहासकारांचा अंदाज आहे. पायोनिअरांना जी रिकामी जमीन दिसली, ती रिकामी झालेली जमीन होती. १८५५च्या तहानं उरलेल्यांना खोऱ्याबाहेर, पुढे ग्रँड राँडच्या राखीव क्षेत्रात जावं लागलं. कृष्णवर्णीयांनी ऑरेगनात वस्ती करू नये असे कायदे १८४४पासून झाले, राज्याच्या घटनेतही ते कलम आलं आणि मतदारांनी ते काढून टाकलं १९२६मध्ये. मग अशा वस्तीच्या जनकाचं घर जपायचं कशासाठी? उत्तर घरातच आहे. या घराची मालकीण मार्गरिट स्विस बाप आणि आदिवासी आई यांची मुलगी. फरच्या व्यापारातल्या लग्नांची ती रीत होती, आणि नव्या गोऱ्या वस्तीत तीच रीत नाक मुरडण्याचा विषय झाली. पती-पत्नी जिथे राहिले त्या घरात एक मिश्र समाज मावळताना दिसतो. १८५०च्या मे महिन्यात याच गावात मिशनरी वैद्य व्हिटमन आणि त्यांच्या पत्नीच्या हत्येबद्दल पाच कायूस पुरुषांवर खटला चालला आणि ३ जूनला त्यांना जाहीर फाशी दिलं गेलं. मॅक्लॉक्लिन यांनी त्या खटल्यात साक्ष दिली होती: रोगी दगावला की वैद्याचा जीव घेण्याची कायूस लोकांत रीत आहे, तेव्हा सावध राहा, असा इशारा आपण व्हिटमन यांना दिला होता, असं त्यांनी सांगितलं. साक्षीनं फाशी टळली नाही. हे सगळं सांगायला भिंती लागतात, आणि ज्या भिंतींत ते घडताना पाहिलेली माणसं राहत होती त्या पाडल्या की गोऱ्या वस्तीवरचा आरोप सिद्ध होत नाही, पुरावा तेवढा नष्ट होतो.

चौथा प्रश्न व्यवहाराचा. वॉशिंग्टनच्या संसदभवनात ऑरेगननं १९५३मध्ये मॅक्लॉक्लिन यांचा पुतळा बसवला. १९५७मध्ये, मृत्यूच्या शताब्दीला, राज्यानं त्यांना ‘ऑरेगनचे जनक’ ठरवलं. एवढा मान झाल्यावर आडगावच्या एका घरावर माणसं आणि पैसा का लावायचा? कारण पुतळ्याला एकच वाक्य बोलता येतं. जनक म्हटलं की कोणाचे, कोणाच्या जिवावर, आणि पोरांनी बापाचं काय केलं हे प्रश्न दगडात कोरता येत नाहीत. कलम अकरा पुतळ्याच्या चौथऱ्यावर मावत नाही; जेवणाच्या टेबलाभोवती उभं राहून ते दहा मिनिटांत सांगता येतं. शिवाय हे सांगणारं कोणी लांबचं नसतं. गेलं शतकभर हे घर मुख्यतः गावच्या मंडळानं आणि स्वयंसेवकांनी राखलं. राष्ट्रीय उद्यान खात्याकडे गेल्यावरही गावाचा हात सुटलेला नाही. ज्यांच्या पूर्वजांची नावं उधारीच्या वहीत असण्याची शक्यता आहे, त्यांनीच ती वही उघडून दाखवावी, यात स्थानिक संग्रहालयाचं खरं काम आहे. मोठी राष्ट्रीय संग्रहालयं इतिहास समजावतात. गावाचं संग्रहालय गावाला उत्तर द्यायला लावतं.

या घराची शेवटची नोंद मात्र वर टेकडीवर नाही, खाली नदीकाठी आहे. ज्याच्यासाठी घर हललं त्या गिरणीपट्ट्यातली ब्लू हेरॉन ही कागदगिरणी २०११मध्ये बंद पडली. २०१९मध्ये ती जागा ग्रँड राँडच्या संयुक्त जमातींनी विकत घेतली. १८५५च्या तहानं ज्यांना खोरं सोडावं लागलं त्यांचे वंशज आता धबधब्याकाठच्या त्या जमिनीचे मालक आहेत; गिरणीच्या इमारती उतरवून पाण्यापर्यंत वाट मोकळी करण्याचं काम त्यांनी हाती घेतलं आणि जागेला धबधब्याचं जुनं नाव दिलं: टमवाटा. या किनाऱ्यावर आपापला पूर्वापार हक्क सांगणाऱ्या इतरही जमाती आहेत आणि तो प्रश्न मिटलेला नाही. तरीही हिशोब कोणत्या दिशेनं सरकतो आहे हे दिसतं. आधी गावानं मॅक्लॉक्लिन यांचं देणं मान्य केलं, घर उचलून. त्याहून जुनं, त्याहून मोठं देणं आता खाली धबधब्याशी मान्य होऊ लागलं आहे. आणि तेही, लक्षात घ्यावं, जमातींनी स्वतःचे पैसे मोजून. १८६२मध्ये एक हजार डॉलर भरून वारसांना जमीन परत मिळाली होती. परतफेडीची ही पद्धत या गावाला नवी नाही.

पोर्टलँडच्या पश्चिमेला बीव्हर्टन-हिल्सबरो भागात संगणक क्षेत्रातल्या नोकऱ्यांमुळे बरीच मराठी कुटुंबं राहतात. पुण्या-मुंबईहून आईवडील आले की त्यांना मल्टनोमा धबधबा दाखवायचा, समुद्रकिनारा दाखवायचा, गुलाबाची बाग दाखवायची, हा ठरलेला क्रम. त्यात अर्धा दिवस ऑरेगन सिटीसाठी काढावा. मॅक्लॉक्लिन यांचं घर वर्षभर रोज उघडं नसतं, तेव्हा वार आणि वेळ आधी पाहून जावं. आत गेल्यावर वस्तू कमी पाहाव्यात आणि प्रश्न जास्त विचारावेत: मार्गरिट यांच्याबद्दल, अकराव्या कलमाबद्दल, पाच कायूसांबद्दल. घराशेजारी पती-पत्नींच्या कबरी आहेत. त्याही चर्चच्या आवारातून १९७०मध्ये इथे आणलेल्या. मग लिफ्टनं खाली उतरावं आणि कड्यावरच्या ज्या घरातून आपण आलो ते जिथे बांधलं होतं त्या काठाकडे पाहावं. क्रम उलटा करू नये. आधी घर पाहिलं तरच खालची जागा कोणाकोणाची होती, हे कळतं.